पारा सांडला, ट्यूब फुटली? खान्देशातल्या घरांनी या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार होती. शेजारची सूनबाई धावत आली, "ताई, थर्मामीटर फुटी गयं, आते काय करू?" जाऊन पाहते तर कूलर फुल स्पीडवर, तापाने फणफणलेलं पोरगं खाटेवर, आणि सासूबाई केरसुणी घेऊन शहाबादी फरशीवरचे चांदीसारखे मणी गोळा करताहेत. केरसुणीचा फटका बसला की एका मण्याचे दहा होत होते आणि फरशीच्या सांध्यांत शिरत होते. माउलीची धडपड एवढीच होती की पोराच्या पायाला काच लागू नये. पाऱ्याचं काय करायचं असतं, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. पाऱ्याच्या वस्तू आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरात आहेत, आणि त्या फुटल्या किंवा निकामी झाल्या की आपण त्याच त्या चुका करतो.

पहिली चूक: कूलर चालू ठेवणं

पारा नुसत्या खोलीच्या तापमानालाही वाफ होऊन उडतो. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. २० अंशांच्या खोलीत हवेत पाऱ्याची जेवढी वाफ मावते, ४० अंशांना तिच्या चौपटीहून जास्त मावते. पुण्या-नाशकाच्या थंडीत सांडलेला पारा आणि जळगाव-भुसावळच्या वैशाखात सांडलेला पारा यांत म्हणूनच फार फरक आहे. आपल्याकडे पेपरात "पारा ४५ वर" अशी बातमी येते त्या दिवसांत घरात खरा पारा सांडला, तर हाताशी वेळ कमी असतो. त्यात कूलर किंवा पंखा चालू असेल तर ती वाफ आतल्या खोल्यांत, स्वयंपाकघरात, सगळीकडे पसरते.

आधी कूलर-पंखा बंद करा. लेकरं, म्हातारी माणसं आणि विशेषतः घरात कुणी गरोदर असेल तर तिला बाहेर ओसरीवर बसवा. घराच्या आतल्या बाजूची दारं लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा. आणि सांडल्या जागेवरून कुणी ये-जा करू नका. चपलेच्या तळव्याला चिकटून पारा देवघरापर्यंत जातो.

केरसुणी, फडकं, व्हॅक्यूम क्लीनर: तिन्ही नकोत

केरसुणी मण्यांचे कण करते. ओलं फडकं ते कण फरशीवर सारवून टाकतं. व्हॅक्यूम क्लीनर पारा तापवून वाफेच्या रूपात मागून बाहेर फेकतो.

पारा उचलायला घेण्यापूर्वी हातातली अंगठी, बांगड्या, पाटल्या काढून ठेवा. जळगावसारख्या सुवर्णनगरीच्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगते, कारण पारा सोन्याला लागला की क्षणात त्यात मिसळतो आणि सोनं पांढरं पडतं. पुढची चूक त्याहून मोठी: ती अंगठी सराफाकडे न्यायची आणि काहीच न सांगता "पॉलिश करून द्या" म्हणायचं. कारागीर ती तापवतो, सोनं पुन्हा पिवळं होतं, आणि उडालेला पारा त्याच्या छातीत जातो. दागिन्याला पारा लागलाय, हे सराफाला आधी स्पष्ट सांगा.

त्या दिवशी आम्ही काय केलं ते सांगते. दोन जाड लग्नपत्रिका घेतल्या, त्या आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी पडलेल्या असतातच. एकीच्या कडेने मणी हळूहळू दुसरीवर ढकलले. दोन मणी जवळ आले की आपोआप एक होतात, त्यामुळे घाई न करता बाहेरून मधे यायचं. मोठे मणी औषधाच्या ड्रॉपरनेही ओढता येतात. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरला. खाटेच्या पायाशी, भिंतीच्या कडेला एकेक कण चमकू लागला. आपल्याला वाटलं होतं सगळं उचललं, तिथे अजून वीस-पंचवीस होते. ते चिकटपट्टीने टिपले. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत घातलं, पारा बुडेल एवढं पाणी ओतलं, आणि वर कागद चिकटवला: "पारा. उघडू नका." ड्रॉपर, पत्रिका, चिकटपट्टी, काच आणि ती केरसुणीसुद्धा वेगळ्या जाड पिशवीत बांधली. केरसुणीला पाय लागला तरी आपण नमस्कार करतो, त्यामुळे ती द्यायला सासूबाईंचं मन होत नव्हतं. पण ती पुन्हा घरात फिरवणं म्हणजे पारा पुन्हा फिरवणं.

सांध्यांत अडकलेल्या कणांवर गंधकाची पूड टाकता येते. शेतीमुळे ती अनेकांच्या घरी असते. गंधक पाऱ्याला बांधून ठेवतं, पण सावकाश. म्हणून ती टाकली की काम झालं असं समजू नका, नंतर तीही चिकटपट्टीने उचलून पिशवीत घाला आणि खोली दिवसभर उघडी ठेवा.

पारा गोधडीवर सांडला तर तेवढा भाग कापून त्याच पिशवीत जाऊ द्या. धुवायला टाकली तर पारा मोरीतून गटारात जाईल आणि वॉशिंग मशीनमध्येही राहील.

पोराने पारा गिळला म्हणून मिठाचं पाणी पाजणं

थर्मामीटर तोंडात फुटला की घरात हाहाकार होतो आणि उलटी करवायची धावपळ सुरू होते. ती करू नका. गिळलेला धातुरूप पारा आतड्यात जवळपास शोषलाच जात नाही, शौचावाटे पडून जातो. धोका काचेचा असतो, म्हणून तोंड नीट तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. याउलट श्वासातून गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा शरीरात राहतो. म्हणजे पोटातल्या पाऱ्यासाठी सगळे धावताहेत आणि जमिनीवरचा पारा तसाच उडतोय, ही खरी भयंकर गोष्ट.

आणखी एक. ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरची पट्टी ४२ अंशांपर्यंतच असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरातली फळी किंवा गाडीचा डॅशबोर्ड त्याहून तापतो. तिथे ठेवलेला थर्मामीटर फुटू शकतो. सांभाळायचाच असेल तर घरातल्या थंड कोपऱ्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. खरं तर डिजिटल थर्मामीटर घ्या आणि पाऱ्याचा सुरक्षित बाजूला काढा.

ट्यूब आणि सीएफएल

भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टरवर चालावेत म्हणून आपण घरोघरी सीएफएल लावले. पुढे २०१५ पासून एलईडी स्वस्त झाले आणि ते सीएफएल माळ्यावर गेले. एका सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो, जुन्या ट्यूबमध्ये त्याहून जास्त. काचेच्या थर्मामीटरमध्ये जवळपास १ ग्रॅम, म्हणजे एक थर्मामीटर निदान दोनशे सीएफएलच्या बरोबरीचा. डॉक्टरांकडचं जुनं पाऱ्याचं रक्तदाब यंत्र तर ८० ते १०० ग्रॅमचं. एलईडीत पारा नसतो, त्यामुळे ते या ढिगात मिसळू नका.

एखादा सीएफएल फुटला तर घाबरून जायचं कारण नाही. पंखा बंद, खिडकी उघडी, सगळे दहा-पंधरा मिनिटं बाहेर, मग पुठ्ठ्याने काच आणि चिकटपट्टीने पांढरी पूड उचला. संकट होतं ते आपण जाणूनबुजून फोडतो तेव्हा. गोणीत मावत नाही म्हणून ट्यूब मधोमध मोडतात. भंगारवाला टोकाच्या ॲल्युमिनियमच्या टोप्यांसाठी त्या फोडतो, बहुतेक वेळा स्वतःच्या घरासमोर, जिथे त्याचीच लेकरं खेळत असतात. पोरं "फट्" आवाजासाठी उकिरड्यावर आपटतात. आणि विसर्जन मिरवणुकीत छातीवर, डोक्यावर ट्यूब फोडायचे खेळ होतात, त्याच्या चारी बाजूंना गर्दी उभी असते. आखाड्याची परंपरा मला प्रिय आहे, पण तेवढा एक खेळ मंडळांनी सोडावा, अशी हात जोडून विनंती.

जुनी ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्यात घालून ठेवा. पुठ्ठा नसेल तर चार-पाच ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने सैल बांधून आडव्या ठेवा. सीएफएल पुठ्ठ्याच्या खोक्यात, मधे कागदाचे बोळे. माळ्यावर पत्रा तापत असेल तर तिथे नको. घड्याळाचे, खेळण्यांचे बटण-सेल वेगळ्या डबीत घाला, जुन्या सेलमध्ये पारा असू शकतो.

कोठीतल्या गोळ्या

हे वाचून काही आयाबाया माझ्यावर रागावतील. सालभराचे गहू, दादर ज्वारी भरताना कीड लागू नये म्हणून कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे. पारा गोळीत असला तरी पाराच आहे, आणि बंद कोठीत त्याची वाफ धान्यातच राहते. झाकण उघडून डोकं आत घालून आपण धान्य काढतो. गोळी फुटली तर कण थेट दाण्यांत. धान्याला कडक ऊन दाखवून, गार करून, कोरड्या कोठीत कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यासह भरा. गोळ्या काढून बरणीत बंद करा. उकिरड्यावर नको, चुलीत तर मुळीच नको. पारा ३५७ अंशांना उकळतो, चुलीत तो सगळाच वाफ होतो.

द्यायचं कुठे?

इथे बहुतेक जण अडतात, आणि दोष त्यांचा नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ट्यूब, सीएफएल, फुटलेले थर्मामीटर आणि सेल यांना घरगुती घातक कचरा ठरवलं आणि तो स्वीकारण्याची केंद्रं उभारण्याची जबाबदारी नगरपालिका-महापालिकांवर टाकली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पाऱ्याचे दिवे आहेत, आणि त्यांचं पुनर्चक्रण करवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

मी पहिल्यांदा विचारायला गेले तेव्हा खिडकीवरच्या माणसाने "घंटागाडीत टाकून द्या" म्हणून परत पाठवलं. घंटागाडीत ट्यूब दाबल्या जातात, फुटतात, आणि तो पारा गाडीवरच्या कामगाराच्या नाकात जातो. दुसऱ्यांदा गेले ती नियमाची प्रत आणि कॉलनीतल्या बायांच्या सह्या घेऊन. अर्जाची पोच घ्या, त्यावर आवक क्रमांक असू द्या. उत्तर मिळालं नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अधिकृत ई-कचरा पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी आहे. त्यांच्याशी बोलताना "दिवे घेता का?" हे वेगळं विचारा, कारण संगणक-मोबाइल घेणारे सगळेच दिवे घेत नाहीत. दोन-चार ट्यूबसाठी कुणी गाडी पाठवणार नाही, म्हणून गल्लीने मिळून जमवा. मंडपवाले आणि कापसाचे जिनिंगवाले यांच्याकडे ढीग असतो, त्यांना सोबत घ्या.

योग्य ठिकाणी गेलेली ट्यूब बंद यंत्रात फोडतात, आतली हवा बाहेर न पडू देता. काच, ॲल्युमिनियम आणि पूड वेगळी होते. पूड तापवून पारा वाफ करतात, ती वाफ थंड करून पारा परत मिळवतात आणि उरलेली हवा कार्बनच्या गाळणीतून सोडतात. नदीत गेलेल्या पाऱ्याचं मात्र असं काही करता येत नाही. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात, तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो आणि शेवटी आपल्या ताटात येतो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ मध्ये अशाच माशांतून झालेल्या पाऱ्याच्या विषबाधेचा आजार उघडकीला आला. त्या गावाच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला. गिरणा-तापीचे मासे आपणही खातो.

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या कॉलनीतून ट्यूब आणि सीएफएलच्या तीन गोण्या निघाल्या, शिवाय पाच थर्मामीटर आणि सासूबाईंची ती बरणी. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणाऱ्या लेकींना निरोप गेलाय: सासरच्या माळ्यावरचे सीएफएल न फोडता खोक्यात भरून ठेवा, आणि तिथल्या नगरपालिकेला द्यायच्या अर्जाचा नमुना आमच्याकडून घेऊन जा.