मार खाल्लेला, उपाशी कुत्रा सोडवून आणताना

आठ-दहा दिवस उपाशी बांधून ठेवलेल्या कुत्र्यापुढे टोपभर दूध-भाकरी ठेवणं ही सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. पण जेवणाची वेळ नंतर. आधी तो हाती लागला पाहिजे.

दुखत असलेलं जनावर चावतं, मग ते कितीही गरीब असो. हे काम वरचेवर करणार असाल तर स्वतःची रेबीजची लस आधीच घेऊन ठेवा. दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं. हळद, चुना काही भरायचं नाही. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाय अडखळतायत, असा कुत्रा दिसला तर हात लावू नका, रेबीज असू शकतो. महापालिकेला कळवा.

सोलापूरचा उन्हाळा लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत काम उरकायचं. समोरून चालत जाऊ नका, अंग वळवून खाली बसा आणि खाणं लांबूनच टाका. डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागला किंवा तो सारखे ओठ चाटायला लागला की तिथेच थांबा. पकडायला आपली जाड सोलापुरी चादर फार कामाची. दुहेरी घडी करून मागच्या बाजूने डोक्यासकट अंगावर टाकायची. हीच चादर मग स्ट्रेचर होते, दोघांनी चार टोकं धरायची. मागचे पाय ओढत असेल तर मणक्याची शंका धरून खाली फळी सरकवा. तोंड बांधायचंच झालं तर दोन-तीन मिनिटंच, कारण कुत्र्याला घाम गाळून अंग थंड करता येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मुळीच बांधू नका.

जखमा धुण्याआधी फोटो काढा, तारखेसकट. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे नसल्यासारखाच. पण मारून लुळं-पांगळं केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. मालक असलेला कुत्रा रात्रीत गुपचूप उचलून आणू नका. आधी पोलिसांत लेखी तक्रार द्या, नाहीतर चोरीचा आळ तुमच्यावरच येईल.

डॉक्टरकडे नेईपर्यंत हिरड्या बघा. पांढऱ्याफटक असतील तर रक्त कमी आहे, थांबू नका. गळ्यात रुतलेली तार किंवा दोरी ओढून काढायची नाही, ती भूल देऊनच निघते. जखमेत किडे पडलेत म्हणून टर्पेंटाइन, फिनेल, रॉकेल ओततात, त्याने मांस जळतं आणि ते चाटलं की विषबाधा वेगळीच. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा दीड सपाट चमचा मीठ घालून जखम धुवा, बाकीचं डॉक्टर करतील. आपली दुखण्याची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. अंगावर गोचीड असतील तर रक्ततपासणी मागून घ्या. गोचीड तापाचा कोर्स बहुधा 28 दिवसांचा असतो. आठव्या दिवशी शेपटी हलायला लागली की लोक गोळ्या बंद करतात आणि ताप परत येतो.

आता जेवण. उपाशी शरीराला एकदम भात-भाकरी मिळाली की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देतं. दहा किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण 400 कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी त्याच्या पाव हिस्सा द्या: एक उकडलेलं अंडं आणि 15 ग्रॅम बिनहाडाचं उकडलेलं चिकन, तेही पाच-सहा वेळा विभागून. हिशेब आजच्या वजनाचा करायचा, धडधाकट असतानाच्या नाही. आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण खाण्यावर आणा. पाणीही थोडं थोडं, पण वारंवार. दुधाने जुलाब लागतात. कडक भाकरी भिजवून द्यायची ती या आठ-दहा दिवसांनंतर, आणि शेंगाचटणी लागलेली तर कधीच नाही, तिच्यात लसूण असतो.

पहिले तीन-चार दिवस एक कोपरा, एकच माणूस. अंघोळ नको, बघायला येणारे पाहुणे नकोत. कॉटखाली जाऊन बसला तर ओढून काढू नका. केरसुणी, पट्टा, काठी नजरेआड ठेवा. उचललेला हात त्याच्यासाठी फटकाच असतो. तुम्ही शेजारी असताना तो जेवला, कुशीवर पाय पसरून झोपला, की मग मानेखाली हात लावून बघा. डोक्यावर नको. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, शोभेच्या दारूकामाच्या रात्री खिडक्या लावून त्याच्या खोलीतच बसा.

जंताचं औषध आणि लशी ताप उतरल्यावर, नसबंदी वजन भरल्यावर. बाहेर नेताना गळ्याला जखम असो-नसो, हार्नेसच (छातीभोवती बसणारा पट्टा) घाला, दोन बोटं जातील इतकाच सैल. रिक्षाचा हॉर्न वाजला की घाबरलेला कुत्रा मागे सरकतो आणि नुसत्या गळपट्ट्यातून मान सहज काढून घेतो. म्हणून पहिले दोन महिने दोन दोऱ्या ठेवा, एक हार्नेसला, एक गळपट्ट्याला, आणि दुसरी तुमच्या कमरेला बांधलेली.