नॅगिओसमध्ये अलार्म दडपण्याची चाचणी कशी घ्यावी

शाखेचा राऊटर बंद पडला की त्यामागचे स्विच, प्रिंटर आणि कॅमेरे एकदमच पोहोचेनासे होतात, आणि मांडणी नीट नसेल तर एकाच बिघाडाचे चाळीस संदेश रात्रपाळीवरच्या माणसाच्या फोनवर येऊन आदळतात. हे टाळण्यासाठी नॅगिओस या नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत ‘पेरेंट्स’ या ओळीत मॉनिटरिंग सर्व्हरच्या बाजूने त्याच्या लगेच आधी येणारे उपकरण लिहितात. ते बंद असल्यास मागची उपकरणे ‘डाउन’ (स्वतः बंद) न ठरता ‘अनरीचेबल’ (वाट बंद असल्याने न पोहोचणारी) ठरतात. मात्र तेवढ्याने संदेश थांबत नाहीत. कोणत्या स्थितींचे संदेश पाठवायचे हे सांगणारी ‘नोटिफिकेशन ऑप्शन्स’ची ओळच लिहिली नसेल, तर नॅगिओस सर्व स्थितींचे संदेश हवेत असे धरून चालतो, म्हणून तेथे ‘डी’ (डाउन) आणि ‘आर’ (पूर्ववत होणे) ठेवून ‘यू’ (अनरीचेबल) हे अक्षर वगळावे लागते.

चाचणीसाठी केबल उपटण्याची गरज नाही. मॉनिटरिंग सर्व्हरवर आयपीटेबल्स या लिनक्स फायरवॉलच्या इनपुट साखळीत (आत येणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांत) संबंधित पत्त्यांकडून येणारी पॅकेट्स टाकून देणारा नियम घालावा. तो आउटपुट साखळीत (बाहेर जाणाऱ्या पॅकेट्सच्या नियमांत) घातल्यास पिंग, म्हणजे उपकरण उत्तर देते का हे पाहणारे पॅकेट, पाठवतानाच परवानगी नाकारल्याची चूक येते, आणि ती खऱ्या बिघाडाची नक्कल नव्हे. नियम पंधरा मिनिटांनी आपोआप निघेल अशी आज्ञा आधीच लावून ठेवावी. चाचणीच्या गडबडीत तो काढायचा राहून जातो.

नेहमीची चूक अशी की केवळ राऊटरचा पत्ता अडवला जातो. मागची उपकरणे उत्तर देतच राहतात, ती ‘अप’च दिसतात, आणि शांतता पाहून चाचणी यशस्वी झाल्याचा समज होतो. राऊटर आणि त्यामागचे पत्ते, दोन्ही एकत्र अडवावेत. ‘मॅक्स चेक अटेम्प्ट्स’, म्हणजे बिघाड पक्का ठरवण्याआधीच्या तपासण्यांची संख्या, 3 असेल तर तिसऱ्या तपासणीनंतर ‘हार्ड’ म्हणजे पक्की स्थिती येते. तोवर थांबून मग लॉग वाचावा. मागच्या प्रत्येक उपकरणापुढे ‘अनरीचेबल’ आणि ‘हार्ड’ हे दोन्ही शब्द दिसले पाहिजेत, तर ‘होस्ट नोटिफिकेशन’ची, म्हणजे संदेश पाठवल्याची, ओळ फक्त राऊटरची असली पाहिजे.

यानंतर उलट चाचणी घ्यावी, जी बहुतेक जण टाळतात: राऊटर चालू ठेवून एकच स्विच अडवावा. या वेळी संदेश आलाच पाहिजे. एखाद्या स्विचला दोन पेरेंट असतील, तर त्यांपैकी एक आणि तो स्विच अडवून पाहावे. सर्व पेरेंट बंद असल्याशिवाय नॅगिओस उपकरणाला ‘अनरीचेबल’ ठरवत नाही, म्हणून येथेही ‘डाउन’चा संदेश अपेक्षित आहे.

शेवटी नियम काढल्यावर पूर्ववत झाल्याचे संदेशही मोजावेत. ज्या उपकरणाच्या बिघाडाचा संदेश गेलाच नव्हता, त्याच्या दुरुस्तीचाही येता कामा नये.