टॉमकॅटवर आयपी पत्त्यांचे निर्बंध: या चुका टाळा

टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर ४०३ (प्रवेश नाकारल्याचा कोड) दिसताच परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी वाढवत सुटण्याची सवय आधी सोडावी. यादी बहुतेक वेळा बरोबरच असते. विनंती कोणत्या पत्त्यावरून आली असे सर्व्हर समजतो आहे, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.

एका कामात व्यवस्थापनाच्या पानावर रिमोट ॲड्रेस व्हॉल्व्ह (पत्ता पाहून विनंती आत सोडणारा किंवा नाकारणारा टॉमकॅटचा घटक) लावला होता आणि टॉमकॅटच्या पुढे त्याच यंत्रावर एनजिनएक्सचा प्रॉक्सी, म्हणजे विनंत्या आधी स्वतः घेऊन पुढे पाठवणारा मध्यस्थ सर्व्हर होता. कार्यालयाचा पत्ता यादीत असूनही सर्वांना नकार मिळे, कारण टॉमकॅटच्या लेखी प्रत्येक विनंती १२७.०.०.१ या यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्यावरून येत होती. एका उतावळ्या सहकाऱ्याने लॉगमधला तोच पत्ता यादीत टाकला, पान उघडल्याचे पाहिले आणि काम झाल्याचे कळवले. पान उघडले होते खरे, पण साऱ्या जगाला. काही आठवड्यांनी मी मोबाइलच्या डेटावरून सहज पाहिले, तेव्हा लॉगिनची चौकट समोर आली.

अशा ठिकाणी प्रॉक्सीला एक्स-फॉरवर्डेड-फॉर हा हेडर (विनंतीसोबत मूळ पत्ता सांगणारी ओळ) पाठवायला लावावे आणि त्यातून मूळ पत्ता काढणारा रिमोट आयपी व्हॉल्व्ह निर्बंधाच्या व्हॉल्व्हआधी बसवावा. हा हेडर कोणीही हवा तसा लिहून पाठवू शकतो, म्हणून त्यातला पहिला पत्ता खरा धरणारा दोन ओळींचा कोड मी कधीही मान्य करत नाही. शिवाय ॲक्सेस लॉगमध्ये (विनंत्यांच्या नोंदवहीत) व्हॉल्व्हने काढलेला पत्ता लिहू देणारी रिक्वेस्ट ॲट्रिब्यूट्सची सोय चालू केली नाही, तर व्हॉल्व्ह नीट चालत असतानाही तिथे प्रॉक्सीचाच पत्ता उमटतो आणि माणूस भलतीकडे शोधत बसतो.

दुसरी चूक टिंबांची. निर्बंधाच्या व्हॉल्व्हची यादी म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर जुळवण्याचा साचा) असते, त्यामुळे १९२.१६८.१.* असे लिहिल्यास टिंबाच्या जागी कोणतेही अक्षर चालते आणि तिसरा आकडा १ असलेल्यांबरोबरच १० ते १९ आणि १०० ते १९९ असलेले सर्व पत्तेही आत येतात. पत्त्यातल्या प्रत्येक टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी आणि शेवटच्या * ऐवजी \d+ लिहावे. पत्त्यांचा अख्खा गट ‘/२४’ असा लिहायचा असेल, तर त्यासाठी सीआयडीआर व्हॉल्व्ह वेगळा आहे.

लोकलहोस्टवरूनच, म्हणजे त्याच यंत्रावरून नकार मिळत असेल, तर आयपीव्ही६ चा ०:०:०:०:०:०:०:१ हा पत्ता राहून गेला आहे का ते पाहावे. घरच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता बदलत असतो, तो यादीत कायमचा लिहू नये.

बदल केल्यावर मी आधी परवानगी नसलेल्या पत्त्यावरून विनंती पाठवतो. तिथे ४०३ मिळाला, तरच परवानगी असलेल्या यंत्राकडे वळतो.