थेंब हलेना तेव्हा

रत्नागिरीत, ऐन आषाढात. बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर पातळ प्लास्टिक फिल्म ताणून, व्होल्टेज देऊन पाण्याचा थेंब एका पट्टीवरून दुसरीवर सरकवायचा, हा माझा प्रयोग. उन्हाळ्यात मस्त चालला होता. आता ३०० व्होल्ट देऊनही थेंब जागचा हलेना. उलट बुडाशी बारीक बुडबुडे.

बुडबुडे म्हणजे फिल्मला भोक, पाण्यातून वीज वाहतेय. सप्लाय बंद केला, वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा केला (हे आधी, बोट नंतर!) आणि बोर्डावरून बोट फिरवलं. चिकट. खारा वारा बसला होता. डिस्टिल्ड पाण्याने धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवला. नवी फिल्म, आणि तिच्या खाली-वर सिलिकॉन तेलाचा पातळ हात. माझ्या मते खरा फरक तेलानेच पडला, कारण थेंबाची कड फिल्मला धरून बसत नाही. अळवाच्या पानावरच्यासारखा सुळकन गेला!

मग ५० हर्ट्झचा एसी दिला. बळ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतं, म्हणजे व्होल्टेज धन असो वा ऋण, ओढ तीच; एका आवर्तनात दोनदा. म्हणून थेंब सेकंदाला १०० वेळा थरथरतो. सिरिंजने थोडं थोडं पाणी वाढवत गेलो, तर एका आकाराला थरथर एकदम वाढली. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये थेंबाचा माथा उंचावून बसताना स्पष्ट दिसला.