पिंग लागत नव्हता, तरी टेस्ट पास

लातूरला घरून काम सुरू केलं तेव्हा पहिलं काम मिळालं ते असं: नेटवर्क टेस्टिंगच्या जुन्या बॅश स्क्रिप्टांवर (टर्मिनलच्या कमांडांच्या फायली) शेलचेक, म्हणजे त्यांतल्या चुका दाखवणारं टूल, चालवायचा आणि वॉर्निंगा काढायच्या. नव्या पोराला हेच देतात. स्क्रिप्टा एकाच साच्याच्या. लिनक्समध्ये दोन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनवर दोन वेगळी नेटवर्कं) बनवा, व्हेथच्या जोडीनं, म्हणजे आभासी केबलनं, जोडा, पलीकडे पोचतंय का बघायला पिंग मारा, उत्तर आलं की पास.

सगळ्यात जास्त दिसते ती एससी२०८६ नंबरची वॉर्निंग, म्हणजे व्हेरिएबलला डबल कोट नाहीत. कोट नसले की शेल आतल्या मजकुराचे स्पेसपाशी तुकडे पाडतो. मी सरसकट फाइंड-रिप्लेस मारला. वॉर्निंगा धडाधड कमी झाल्या, आणि रात्री एकही पिंग सुटेना. पिंगचे पर्याय एकाच व्हेरिएबलमध्ये होते: तीन पॅकेट, एक सेकंद वाट. कोट घातल्यावर ते चारऐवजी एकच शब्द झाले, आणि पिंगनं हे चालत नाही म्हणून हात वर केले. लहानपणी सोयाबीन खुरपताना आई म्हणायची, तण ओळखू येत नसेल तर बांधावर जाऊन बस! पिंगच्या त्या व्हेरिएबलचे तुकडे पडायलाच हवे होते. अशा जागी पर्याय अ‍ॅरेत, म्हणजे सुट्या शब्दांच्या यादीत, ठेवायचे. फक्त स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची आहे ना ते बघा, साध्या एसएचमध्ये अ‍ॅरे नसतो.

खरी गंमत एससी२१५५ची. फंक्शनमध्ये एकाच ओळीत लोकल व्हेरिएबल बनवून त्यात पिंगचं आउटपुट भरलं होतं, आणि खालच्या ओळीत एक्झिट कोड (कमांड जमली तर शून्य, नाही तर दुसरा आकडा) तपासला होता. पण तो कोड पिंगचा नसतो, लोकलचा असतो, आणि लोकल आपलं काम करून शून्य देऊन मोकळा. खात्री करायला मी व्हेथचं एक टोक डाउन केलं. पिंग म्हणतो १०० टक्के पॅकेट लॉस, टेस्ट म्हणते पास.

सीनिअरना फोन लावला. “दादा, ही टेस्ट फेलच होत नाही.”

“लोकल एका ओळीत, पिंग दुसऱ्या, अशा दोन ओळी कर. आणि काय काय लाल होतंय ते सांग.”

तीन टेस्टा लाल झाल्या. त्यातली एक आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या नेटवर्क पत्त्यांची. पत्ता लावल्या लावल्या पिंग मारला होता. पण तोच पत्ता दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी सेकंदभर तपासतो, आणि तोवर तो पत्ता कच्चाच असतो. पत्ता लावताना ‘नोडॅड’, म्हणजे ही तपासणी नको, असं लिहिलं, टेस्ट हिरवी. बाकीच्या दोन दादांनी स्वतःकडे घेतल्या.

तेव्हापासून एका कमिटमध्ये, म्हणजे एका वेळी जतन केलेल्या बदलात, एकाच नंबरची वॉर्निंग घेतो. शेलचेकला ‘इन्क्लूड’ देऊन तेवढीच दाखवता येते. आधी-नंतर टेस्ट चालवतो, आणि एकदा केबल तोडल्यासारखं करून ती फेल होते का बघतो.

काही वॉर्निंगा खोट्याही असतात. ट्रॅपमधून, म्हणजे स्क्रिप्ट संपताना आपोआप, चालणारं साफसफाईचं फंक्शन कुणी वापरतच नाही असं शेलचेकला कधीकधी वाटतं. तिथं वॉर्निंग गप्प करणारी डिसेबलची कमेंट टाका, पण शेजारी कारण लिहा. परवाच माझ्याच एका डिसेबलपुढे अर्धा तास बसलो होतो. का टाकलं होतं, काही केल्या आठवेना.