न्यायपालिकेतल्या महिलांचा टक्का कसा काढायचा

आधी तारीख ठरवा आणि ती आकड्याला जोडूनच लिहा. न्यायाधीश निवृत्त होतात, बदलून जातात. जुना आकडा महिनाभरातही शिळा होतो.

मग प्रश्न, भागायचं कशाने? ३१ ऑगस्ट २०२१ चा दिवस घ्या. सर्वोच्च न्यायालयात त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींनी शपथ घेतली. त्यांत हिमा कोहली, बी. व्ही. नागरत्ना आणि बेला त्रिवेदी या तीन महिला. इंदिरा बॅनर्जी आधीपासून होत्याच, म्हणजे एकूण चार. मंजूर पदं सरन्यायाधीश धरून ३४, भरलेली ३३. मंजूर पदांवर टक्का येतो ११.८, भरलेल्यांवर १२.१ आणि त्या दिवसाच्या नेमणुकांवर ३३.३! तिन्ही खरे, बातमीत मात्र तिसराच शोभून दिसतो. पहिल्या दोघांतला फरक इथे किरकोळ आहे. उच्च न्यायालयांत रिक्त पदं बरीच असतात, तिथे मंजूर पदांनी भागलं की टक्का विनाकारण घसरतो. म्हणून भागायचं भरलेल्या पदांनी, आणि टक्क्याशेजारी मूळ संख्याही द्यायची.

यादी त्या न्यायालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. नुसती आद्याक्षरं आणि आडनाव असलं की फसगत होते, तेव्हा परिचयाचं पान उघडून खात्री करा. अतिरिक्त न्यायाधीश धरायचे. बदली झालेलं नाव दोन याद्यांत सापडलं तर एकदाच मोजायचं. मुंबई उच्च न्यायालय मोजताना नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि गोव्यात बसणारे न्यायमूर्ती सुटू देऊ नका.

दिवाणी न्यायाधीश आणि उच्च न्यायालय यांची बेरीज तर नकोच. खाली परीक्षा, वर कॉलेजियमची, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाची शिफारस. एकत्र केलं की खालच्या मोठ्या संख्येआड वरची उणीव दडते.

नेमणुकीच्या वेळचं वय हा रकाना बहुतेक तक्त्यांत नसतो. तो हवाच. उच्च न्यायालयात निवृत्ती ६२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या, आणि सरन्यायाधीशपद प्रथेनुसार ज्येष्ठतेने, म्हणजे सर्वोच्च न्यायालयात आधी कोण आलं त्यावर. सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती फातिमा बीवी १९८९ मध्ये तिथे आल्या त्या केरळ उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्यावर. हाती उरली जेमतेम अडीच वर्षं. नागरत्ना ५८ व्या वर्षी आल्या. ज्येष्ठताक्रम पाळला गेला तर २०२७ मध्ये त्या सरन्यायाधीश होतील, महिन्याभराहून थोड्याच जास्त दिवसांसाठी.