बडोद्याहून युरोप: गाडीने सीमा ओलांडणाऱ्या प्रवासाची आखणी

युरोपात गाडीने फिरायचे ठरले की बहुतेक कुटुंबे आधी देशांची यादी करतात आणि मग नकाशावर त्या देशांना जोडणारी रेघ ओढतात. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी मनापासून पाहावेसे वाटणारे सहा-सात थांबे निवडावेत, त्यांना जोडणारा वळसा काढावा आणि त्या वाटेवर जितके देश आपोआप येतील तितकेच स्वीकारावेत. प्रत्येक नव्या सीमेबरोबर तीन प्रश्न उभे राहतात: भाड्याची गाडी त्या देशात नेण्याची मुभा आहे का, तिथल्या रस्त्याचे शुल्क कसे भरायचे आणि तिथला वाहतुकीचा कायदा कुठे वेगळा आहे. एका थांब्यासाठी हे तिन्ही प्रश्न सोडवण्याची तयारी नसेल, तर तो देश या खेपेला सोडून द्यावा.

उदाहरणादाखल जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि इटली या चार देशांचा वळसा घेऊ. म्युनिकहून निघून म्युनिकलाच परत यायचे असल्यामुळे गाडी दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार द्यावा लागत नाही, आणि ही रक्कम अनेकदा गाडीच्या भाड्याच्याच तोडीची असते. एकूण अंतर दीड हजार किलोमीटरच्या आत राहते आणि अकरा-बारा रात्रींत हा प्रवास घाई न करता होतो. बडोदा-अहमदाबाद द्रुतगती मार्गाचे 93 किलोमीटर तासाभरात कापण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी आल्प्सच्या घाटात तेवढ्याच अंतराला अडीच-तीन तास धरावेत. दिवसाला चार तासांहून अधिक गाडी चालवण्याची वेळ येणार नाही, अशा बेताने मुक्काम ठरवावेत.

सुटी कोणती, यावर मार्ग पुष्कळ अवलंबून आहे. ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर घाट साधारणपणे मेच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत खुला असतो, त्यामुळे आपल्या शाळांची उन्हाळी सुटी त्याला जमते. मात्र इटलीतले स्टेल्व्हिओसारखे अधिक उंच घाट मेअखेरीस किंवा जूनमध्येच उघडतात. दिवाळीच्या सुटीत जाणाऱ्यांनी उंच घाट मार्गातून वगळावेत. ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे असतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे मागे गेली की संध्याकाळ फार लवकर अंधारते. निवड हाती असेल तर मेअखेर ते जूनची सुरुवात हा काळ मी सुचवेन, कारण त्या दिवसांत रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

या चारही देशांत चालणाऱ्या एकाच सामाईक व्हिसासाठी, म्हणजे शेंगेन व्हिसासाठी, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. अर्ज सर्वाधिक मुक्काम असलेल्या देशाकडे करायचा असतो आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. म्हणून आधी रात्री मोजाव्यात आणि मगच वकिलात ठरवावी. वरच्या वळशात ऑस्ट्रियात पाच रात्री आणि जर्मनीत दोनच असतील, तर विमान म्युनिकला उतरत असले तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे जातो. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवास विमा आवश्यक असतो. मेच्या प्रवासासाठी जानेवारीतच भेटीची वेळ घेतलेली बरी, कारण सुटीच्या तोंडावर या वेळा भराभर संपतात. हे चारही देश शेंगेन क्षेत्रात असले तरी सीमांवर अधूनमधून तात्पुरती तपासणी सुरू असते, विशेषतः जर्मनीत शिरताना. त्यामुळे पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावेत.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओतून मिळतो आणि तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. गाडी ऑटोमॅटिक घ्यावी आणि लवकर नोंदवावी, कारण तिथे हाताच्या गिअरच्या गाड्या अजूनही भरपूर असतात, आणि उजवीकडून चालायची नवी सवय लावताना उजव्या हाताने गिअर टाकण्याचा ताण नको. गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड लागते, कारण अनामत रक्कम त्यावर अडवून ठेवतात. कोणकोणत्या देशांत गाडी नेणार आहोत, ते करारावर लिहून घ्यावे. परवानगीविना सीमा ओलांडली तर विमा लागू होत नाही आणि एका अपघातात सगळा प्रवास फार महागात पडतो.

रस्त्याच्या शुल्काची पद्धत चारही देशांत वेगळी आहे. जर्मनीत मोटारींना महामार्ग विनामूल्य आहे. ऑस्ट्रियात मुदतीचे व्हिन्येट, म्हणजे ठरावीक दिवस महामार्ग वापरण्याचा शुल्क-परवाना, घ्यावे लागते, पण त्यावर सगळे रस्ते भागत नाहीत: ब्रेनर महामार्ग, टाउअर्न महामार्गावरचे बोगदे आणि स्लोव्हेनियाकडे जाणारा कारावांकन बोगदा यांचा पथकर वेगळा असतो आणि ग्रोसग्लॉकनरचाही वेगळा. स्लोव्हेनियात व्हिन्येट गाडीच्या क्रमांकावर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवतात, म्हणून गाडी हाती आल्यावर क्रमांक पाहूनच ते घ्यावे. इटलीत आत शिरताना तिकीट काढून बाहेर पडताना पैसे भरायचे असतात. तिथे टेलिपासच्या, म्हणजे आपल्या फास्टॅगसारखे उपकरण असलेल्या गाड्यांच्या, पिवळ्या रांगेत शिरू नये. निळी रांग कार्डासाठी आणि पांढरी रोख रकमेसाठी असते.

आता थांबे. म्युनिकहून सुमारे दीडशे किलोमीटरवर साल्झबुर्ग येते. तिथे दोन रात्री राहावे आणि मधला दिवस हालश्टाटला द्यावा. तळ्याच्या आणि डोंगराच्या बेचक्यात बसलेले हे गाव मिठाच्या प्रागैतिहासिक खाणींमुळे ओळखले जाते आणि 1997 पासून भोवतालच्या प्रदेशासह जागतिक वारशाच्या यादीत आहे. पर्यटकांच्या बस दहाच्या सुमारास येऊ लागतात, म्हणून सकाळी आठपूर्वी पोहोचावे आणि गाडी गावाबाहेरच्या वाहनतळावर लावावी. तिथून दक्षिणेला झेल आम झेवरून ग्रोसग्लॉकनरचा 48 किलोमीटरचा, 36 वळणांचा रस्ता लागतो. 1935 मध्ये खुला झालेला हा रस्ता अडीच हजार मीटरपर्यंत चढतो. उतारावर ब्रेक दाबून न ठेवता खालच्या गिअरवर उतरावे, आणि ऑटोमॅटिक गाडीत हे कसे करायचे ते गाडी ताब्यात घेतानाच विचारून ठेवावे. हवा ढगाळ असेल तर एक दिवस थांबण्याची सोय मुक्कामात ठेवलेली असावी. धुक्यात या घाटाचा काहीच आनंद मिळत नाही.

स्लोव्हेनियात लोक ब्लेडचे तळे पाहून पुढे निघून जातात, पण या देशाला किमान तीन रात्री द्याव्यात असे मला आग्रहाने वाटते. तळ्यातल्या बेटावरच्या चर्चला नावेने जावे आणि 99 पायऱ्या चढाव्यात. दुसऱ्या दिवशी राजधानी लुब्लियानाच्या नदीकाठी फिरावे. तिथून तासाभरावर पोस्टोयनाच्या गुहा आहेत. 24 किलोमीटर लांबीच्या या चुनखडीच्या गुहांत 1872 पासून छोटी रेल्वे धावते. आत बाराही महिने दहा अंशांच्या आसपास तापमान असते, म्हणून मे महिन्यातही स्वेटर बरोबर हवा. जवळच कड्याच्या पोटात बांधलेला प्रेद्यामाचा किल्ला आहे आणि त्याच दिवशी तोही पाहून होतो.

पोस्टोयनाहून त्रिएस्ते तासाभराच्या आत येते आणि समुद्र दिसतो. व्हेनिसला मोटारीने फिरताच येत नाही, म्हणून मेस्त्रेला मुक्काम करून रेल्वेने शहरात जावे. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेइक फरशी ज्या बडोदेकरांनी पाहिली आहे, त्यांनी सेंट मार्कच्या चर्चमधल्या सोनेरी मोझेइकपुढे निवांत वेळ घालवावा. परतीची वाट डोलोमाइट पर्वतांतून, कोर्तिना आणि ब्रेनर खिंडीमार्गे काढावी.

वाहतुकीच्या नियमांपैकी काहीच सांगतो. फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात महामार्गावर कोंडी झाली की सर्वांत डावी रांग डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधे वाट करतात. स्लोव्हेनियात दिवसाही दिवे लावलेले असावेत. दीड मीटरहून कमी उंचीच्या मुलांसाठी योग्य आसन आधीच मागून घ्यावे. इंधन भरताना वर्तुळातल्या ई अक्षराचे लेबल पेट्रोलचे आणि चौकोनातल्या बी अक्षराचे डिझेलचे असते.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शिधा शनिवारीच घ्यावा. घरून थेपले, खाकरे आणि चिवडा अवश्य न्यावा, पण पेढे, श्रीखंड आणि तूप नेऊ नये: युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे.

इटलीतल्या जुन्या शहरांत मर्यादित वाहतुकीचे भाग असतात, ज्यांना तिथे झेडटीएल म्हणतात. त्यांच्या तोंडाशी लाल कडा असलेला गोल फलक आणि कॅमेरा असतो. विनापरवाना आत गेल्यास दंडाची नोटीस परदेशी चालकाला 360 दिवसांपर्यंत पाठवता येते, आणि गाडी देणारी संस्था आपला नाव-पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे कापून घेते. म्हणून हॉटेल जुन्या भागात असेल तर गाडीचा क्रमांक आधी नोंदवून देता येईल का, ते हॉटेलला विचारावे. गाडी परत करताना चारही बाजूंची आणि इंधनकाट्याची छायाचित्रे काढावीत आणि करार, पथकराच्या पावत्या व ही छायाचित्रे वर्षभर जपून ठेवावीत.